सावडीचा गडी

मारुतीभाऊंच्या खाचरात सकाळी आठ वाजता पंधरा माणसं खोळंबली होती आणि सगळी विठाबाईकडं बघत होती.

खाचरात पाणी तुंबवून ठेवलेलं. बांधावर रोपांच्या जुड्यांचा ढीग. कडेला पॉवर टिलर पावसात भिजत उभा. टिलरनं चिखल केला की बायकांनी ओळ धरायची आणि आवणीला, भातलावणीला लागायचं, एवढंच बाकी होतं. पण टिलर ज्यानं फिरवून चालू करायचा ते लोखंडी हँडल पवनच्या घरी होतं, आणि पवनही घरीच होता. टिलर सावडीतल्या, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबणाऱ्या, सहा घरांनी मिळून घेतलेला. आंबीच्या कंपनीत चार वर्षं मशीनवर काढलेली, म्हणून चालवायचा पवननं असं ठरलेलं. पोरंसोरं उगाच हात लावतील म्हणून हँडल तो रोज घरी नेऊन ठेवायचा. शहाणा मोठा!

"येतोय न्हवं पवन?" मारुतीभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं. सावडीत सगळ्यात वडील तेच, कुणाच्या खाचरात कोणत्या दिवशी जायचं ते तेच ठरवायचे.

"माज्या म्होरं तोंड धुतलं त्येनं. यील आता," विठाबाई म्हणाली.

"कवा धुतलं तोंड?"

"सातला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या रतनबाईनं तेवढं तोंड फिरवलं आणि उगाच एक जुडी उचलून परत खाली ठेवली. विठाबाईची सून अनिता गुडघाभर पाण्यात मान खाली घालून उभी होती. नवऱ्याबद्दल आता तिला कुणी विचारायचंच बंद केलं होतं, सगळे सासूलाच विचारायचे.

"बघून येते," म्हणत विठाबाई निघाली. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पायात काही नाही, आणि गुडघे असे की बांध चढताना हातानं मांडी उचलावी लागायची. भाजे लेण्यांच्या डोंगरावरून पांढरे धबधबे सुटले होते. खाली रस्त्यावर पुण्याच्या गाड्या लागल्या होत्या, पोरंपोरी भिजत फोटो काढत होती. तिला त्यांचाही राग आला. जगात सगळ्यांना सवड होती, एक तिला सोडून.

पवन गोठ्यात होता. घरात रेंज तुटते आणि गोठ्यात येते, हे त्याला कधी कळलं देव जाणे, पण तेव्हापासून गोठा हीच त्याची बैठक. पालथ्या पाटीवर बसलेला, कानात ते बोळे, दोन्ही अंगठे फोनवर नाचतायत. गाय शेणात उभी होती. तिच्याकडं ढुंकून बघितलेलं नव्हतं.

"पवन्या."

अंगठे तसेच नाचत राहिले.

"अरं ए पवन्या! तितं लोक वाट बघत्यात!"

"पीछे है, पीछे है! रिवाइव दे भाई, रिवाइव!" पवन ओरडला. ते तिला नव्हतं, फोनवरच्या खेळातल्या कुणाला तरी होतं. मग तिच्याकडं न बघताच त्यानं एक बोट वर केलं. "दोन मिनिटं, आई. शेवटचा झोन हाय. आमी तिघंच उरलोय."

"तितं पंधरा मानसं उरल्यात!"

"दोन मिनिटं गं."

आता काय म्हणावं या माणसाला! चौतीस वर्षांचा बाप्या, एका पोरीचा बाप. मिशीत एक पांढरा केस आलेला. आणि हे दोन मिनिटांचं पालुपद गेली तीन वर्षं. दोन मिनिटांत आंबीची नोकरी गेली. मशीन चालू ठेवून हा फोनात. सुपरवायझरनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गेटवरूनच माघारी लावला. दोन मिनिटांत मानसीच्या शाळेतली सभा हुकली. दोन मिनिटांत एकदा गाय मालवलीच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आली, तीही आपली आपण.

विठाबाईनं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. एकवीरेच्या पायरीवर त्याला उभं करून शपथ घ्यायला लावली, ती नऊ दिवस टिकली. मानसीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली चार दिवस. चार्जर तिनं तांदळाच्या कणगीत खोल पुरला, तर यानं कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तो काढला. घरात बाकी काही सापडत नाही त्याला. अनितानं रिचार्ज मारायचं बंद केलं, तर रतनबाई राखण करते त्या बंगल्याच्या कुंपणाला टेकून हा तिथलं वायफाय ओढत बसायचा. बंगल्याचा मालक एका शनिवारी आला आणि त्याला चोर समजला. तेही झालं.

ती उभी राहिली. कागदावरचं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. पवन मध्येच दात खायचा, मध्येच हसायचा. तिच्याशी हसून बोलल्याला किती महिने झाले होते ते तिला आठवेना.

हँडल पाटीशेजारीच टेकवलेलं होतं. तिनं ते उचललं. चांगलं जड होतं. खांद्यावर टाकलं आणि चालू लागली.

"अगं आई, आलो की! झालंच!" मागून आवाज आला. ती थांबली नाही.

साठीची बाई खांद्यावर टिलरचं हँडल घेऊन बांधाबांधानं येताना पंधरा माणसांनी बघितली. सावडीतल्या निवृत्तीनं पुढं होऊन तिच्या खांद्यावरून ते काढून घेतलं. त्याला टिलरची सवय नव्हती. हँडलचा उलटा दणका त्याच्या मनगटाला बसला, पण चौथ्या खेपेला टिलर सुरू झाला आणि आवणीला तोंड लागलं. पवन साडेअकराला आला, डोळे लाल, केस विंचरलेले. टिलर चालू बघून म्हणाला, "चालू केला व्हय? बरं झालं."

दुपारी जेवणं झाली. सावडीत ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण, आणि त्याची किंमत म्हणजे उद्या त्यानं तुमच्या खाचरात उभं राहायचं. घरटी दोन बाया आणि एक गडी. मजुरी कुणी कुणाला देत नाही, कामाच्या बदल्यात काम. मारुतीभाऊंनी हात धुतले, तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, वाईट वाटून घ्यू नका. उशिराचा आजचा तिसरा दिस हाय. आजपास्नं पवन गडी म्हनून धरायचा न्हाई."

पवन भाताचा शेवटचा घास घेत होता. तो म्हणाला, "भाऊ, जरा उशीर झाला तर एवढं काय."

भाऊंनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

रागाचं बोलणं, असं विठाबाईनं धरलं. मारुतीभाऊ तोंडाचे तिखट, मनाचे नव्हेत. तिचा नवरा गेला तेव्हा खांदा देणारे तेच पहिले. मंगळवारी आपला दिवस आहे तो काही भाऊ हलवणार नाहीत, असं ती अनिताला म्हणाली आणि मंगळवारच्या तयारीला लागली. इथंच चुकली ती.

मंगळवारी पहाटेच उठून दोघी सासूसुनांनी अठरा माणसांचा स्वयंपाक केला. भाकऱ्यांची चळत, वाटाण्याची उसळ, सुक्या बोंबलाचं कालवण, पातेलंभर भात. आणि नवल म्हणजे पवन त्या दिवशी वेळेवर उठला. आपल्या घरचा दिवस ना! आदल्या दिवशीच त्यानं भाऊंकडून टिलर आणला होता. "टिलर सहा घरांचा हाय, मी कोन अडवनार," एवढंच बोलून भाऊंनी हँडल दिलं होतं. ओढ्याकडची दोन्ही खाचरं त्यानं लोण्यासारखी चिखलून ठेवली. फोन घरी ठेवून आलो, हे त्यानं तीनदा ऐकवलं.

आठ वाजले. साडेआठ वाजले. बांधावर कुणी दिसेना.

"पाऊस जास्त हाय, म्हनून," विठाबाई म्हणाली.

"पाऊस कालच्यापरीस कमी हाय, आत्या," अनिता म्हणाली.

नऊला रतनबाई दिसली. डोक्यावरचा कागद धरून धावतच आली आणि बांधावरच थांबली, खाली उतरली नाही.

"बाई गं, तुला सांगितलं न्हाई का कुनी?"

"काय?"

"भाऊंनी तुमचा दिस मागं टाकलाय. आज समदी निवृत्तीच्या खाचरात हायेत."

"मागं म्हंजे कवा?"

रतनबाई पदराचं टोक पिळत म्हणाली, "समद्यांचं उरकल्यावर. ते बी पवन रोज सकाळी आठला गडी म्हनून उभा राह्यला तर. न्हाईतर तुमचं तुमी बघा, म्हनाले. मला जायला पायजे, विठा. माजा दिस भरायचाय तितं."

ती गेली. टोपल्यातल्या भाकऱ्यांवरचं फडकं वाऱ्यानं उडत होतं. विठाबाईनं ते दगडानं दाबलं. पाच खाचरं, सव्वीस दिवसांचं रोप. आणखी आठ दिवस गेले की रोप जून होणार, जून रोपाला फुटवा नाही, फुटवा नाही तर भात नाही. वर्षाचे तांदूळ ह्या पाच खाचरांतून घरात येतात. ते न आले तर दुकानातून आणायचे कशानं? अनिता शनिवार-रविवारी लेण्यांच्या पायऱ्यांशी मक्याची कणसं भाजून विकते, त्यानं?

पवन मात्र भडकला. "टिलर कोन चालवत होतं इतकी वर्सं? मी! एकाच्या बी लक्षात ऱ्हाईलं न्हाई? जातो, भाऊला विचारतो!"

"विचार की," विठाबाई म्हणाली. "पर त्येच्या आदी एक काम कर. तुज्या त्या गेमात चार मानसं हायेत न्हवं? बोलीव त्यांना."

"काय?"

"बोलीव आवनीला. रोज तू जातोस न्हवं त्यांच्याकडं? जेवन टाकून जातोस. पोर तापलेली टाकून गेलास. मग तुज्या दिसाला त्यांनी नगं यायला?"

"आई, ती बिहारला हायेत, नागपूरला हायेत. ती कशी येतील?"

"मग कुनाच्या जिवावर बसलावतास रं तू?"

अनिता तोवर पाण्यात उतरून लावायला लागली होती. ती वर न बघता म्हणाली, "एक दिवस न्हाई गेलं तर ते टीममधनं काढत्यात, आत्या. मागं ह्यांना काढलं होतं. तवा दोन दिवस जेवले न्हवते हे."

"घ्या!" विठाबाईनं कपाळावर हात मारला. "मग हितं बी काढलं. न्याव एकच हाय. आता हितलं दोन दिस बिनजेवनाचं काड बरं."

पवन रोपांच्या जुड्या आणायला वळला.

दिवसभर तिघं लावत राहिली. पवनला लावणीचा सराव नव्हता. रोप तो चिखलात टेकवायचा फक्त, रोवायचा नाही. तो पुढं सरकला की मागं त्याची रोपं पाण्यावर तरंगायची. विठाबाई ती धरून धरून पुन्हा खोचायची आणि तोंडानं शिव्या घालायची. संध्याकाळपर्यंत एक खाचर झालं. पाचातलं एक. अठरा माणसांचं जेवण तिघांनी खाल्लं, गाईनं खाल्लं, तरी उरलं. उरलेलं तसंच डोक्यावर घेऊन गावातून घरी न्यावं लागलं. वाटेत ज्यांनी ज्यांनी टोपलं बघितलं त्यांनी विचारलं नाही, हेच जास्त लागलं तिला.

दिवस मावळायच्या आत पवन भाऊंच्या अंगणात गेला. विठाबाई कुंपणाशी थांबली. यावेळी ती त्याच्यासाठी एक शब्द बोलणार नव्हती.

"भाऊ, मी फोन सोडतो," पवन म्हणाला. "आईशप्पत."

मारुतीभाऊ खोरं घासत होते. "फोनचं मला सांगू नगं. फोन तुजा, डोळं तुजं. मला सकाळी आठला खाचरात गडी पायजे."

"येतो. टिलर..."

"टिलर निवृत्ती चालवील. तू जुड्या वाहायच्या, आन् जुड्या झाल्या की बायांच्या वळीत वाकून लावायचं. सात दिस. कुटला दिस बुडला तर म्होरं एक वाढंल. समद्यांचं झालं की तुमच्या वावरात येऊ."

बायांच्या ओळीत, आणि तेही अख्ख्या सावडीसमोर. पवनचा चेहरा उतरला. 

पहिल्या दिवशी तो आला. दुपारपर्यंत कंबर धरून बसायला लागला. बायका एकमेकींना डोळ्यानं खुणावायच्या. निवृत्तीची बायको म्हणाली, "भावजी, रोप लावायचंय, डोकं टेकवायचं न्हाई." सगळ्या हसल्या. पवन हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळपायाला चिखल्या पडल्या आणि तोंड सुटलं. कालवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, मानसी मोठ्यानं वाचते म्हणून तिच्यावर खेकसला, गाईला उगाच काठी मारली. फोन फळीवर ठेवलेला असायचा. तो तिकडं बघायचा नाही, पण सगळ्यांना कळायचं तो बघत नाहीये ते. जेवताना भाकरीचा तुकडा धरलेला असायचा आणि दोन्ही अंगठे आपले आपण हलत असायचे. विठाबाईला आधी वाटलं थंडीनं हलतायत. मग समजलं. मग तिला रागही आला आणि कीवही. पण आपण काही बोललो की हा उठून जाणार, म्हणून ती गप्प राहिली. आणि गप्प राहणं हे तिच्यासाठी दिवसभर वाकण्याहून अवघड होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पवन ओळीतून उठला. "पोटात दुखतंय," म्हणाला आणि ओढ्याकडं गेला. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. तिकडं बायकांच्या हातातली रोपं संपत आली. विठाबाई उठली.

जांभळीच्या बुंध्याशी तो उकिडवा बसला होता. हातात फोन. चड्डीच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता लबाडानं! पण खेळ काही सुरू होत नव्हता. हात कोपरापर्यंत चिखलाचे. बोट लावलं की पडद्यावर चिखल, पुसायला जावं तर सदरा चिखलाचा. त्यानं पानानं पुसून बघितलं, पान ओलं. टोपी काढून आतल्या बाजूनं पुसलं, तीही भिजलेली. फोन जिभेनं चाटायचा तेवढा बाकी होता. अंगठा दाबतोय, पुसतोय, परत दाबतोय, आणि तोंडानं पुटपुटतोय, "चाल रं, चाल की."

विठाबाईचा पाय काटकीवर पडला. त्यानं वर बघितलं. फोन लपवायला हात मागं नेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं की आता लपवून काही फायदा नाही.

"चालंना," तो म्हणाला. लहानपणी भोवरा अडकला की म्हणायचा तसाच.

तिच्या तोंडात शिव्या भरून आल्या होत्या. शिव्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

"आन हिकडं," ती म्हणाली.

"आई, फेकू नगं..."

"आन म्हनते ना."

कागदाच्या आत तिच्या पदराचं एक टोक कोरडं राहिलं होतं. त्यानं तिनं फोन पुसला. पुढून पुसला, मागून पुसला. मग त्याचा उजवा हात ओढून घेतला, ओढ्यात बुडवला आणि त्याच पदरानं अंगठा पुसून कोरडा केला. दुसराही केला. फोन त्याच्या हातात ठेवला.

"घे. आता चालंल. खेळ," ती म्हणाली. "शपथा घालून बघितल्या, चार्जर लपवून बघितला. मी थकले बाबा. तितं बायांच्या हातातलं रोप सपलंय. तुला जमंल तवा ये, न्हाई जमलं तर नगं यूस."

आणि ती वळली. पाठीमागं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही.

खाचरातून हाका सुरू झाल्या होत्या. "रोप आना रं! कोन हाय रोपावर?" विठाबाई आपल्या जागेवर जाऊन वाकली. हातातली दोन-चार काडी लावून झाली. मग नुसतीच वाकून राहिली, सरळ व्हायची हिंमत होईना.

थोड्या वेळानं शेजारी धप्पकन एक जुडी पडली. चिखल तिच्या तोंडावर उडाला. मग पुढं रतनबाईपाशी एक पडली, मग अनितापाशी. मध्ये तो खेळला होता की नाही, हे तिनं विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अनिता भाकऱ्या थापत होती. पवन फोन घेऊन चुलीपाशी येऊन बसला. "ही गेम काडून टाक," म्हणाला. "मला दाबवंना. अंगठा जातो आन् माघारी येतो."

"माजे हात पिठात हायेत," अनिता म्हणाली.

"धुवून घे."

"तुमचं तुमी दाबा."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. ती भाकरी उलटून, फुगून, टोपल्यात पडली तरी पवन तसाच बसलेला. दुसरी भाकरी तव्यावर असताना त्यानं दाबलं. अनितानं बघितलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. मग तो बाहेर जाऊन पडवीत बसून राहिला, घरात कुणी गेल्यासारखा.

इथंच संपलं असतं तर काय पाहिजे होतं! दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, खाचरातून सुटल्यावर अनिता कणसं विकायला गेली, मानसी तिच्याबरोबर, आणि पवननं गोठ्यात बसून गेम परत घेतला. विठाबाईला त्याच्या "पीछे है" वरून कळलं. रविवारी तो खाचरात नऊला पोचला. भाऊंनी काम करून घेतलं दिवसभर, आणि संध्याकाळी म्हणाले, "आजचा धरला न्हाई." आठवा दिवस वाढला. पवन वाद घालायला गेला नाही. घरी येऊन त्यानं चुलीपाशीच बसून गेम पुन्हा काढला. यावेळी कुणाला दाबायला सांगितलं नाही. शपथही घेतली नाही. शपथ घेतली नाही म्हणूनच विठाबाईला थोडा धीर आला.

अखेर त्यांचा दिवस लागला. रोप जून झालं होतं, शेंडे पिवळे पडलेले. "दोनाच्या जागी चार-चार काड्या लावा, फुटवा कमी यील," भाऊंनी बायकांना सांगितलं. पंधरा माणसं आली. विठाबाईनं पुन्हा अठरा जणांचं रांधलं होतं, आणि पहिलं माणूस बांधावर दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. टिलर पवननंच चालवला. हँडल भाऊंनी सकाळी त्याच्या हातात दिलं, आणि "संध्याकाळी माज्या घरी आनून ठिव," एवढं म्हणाले.

दुपारी जेवायला बसल्यावर टोपल्यातला फोन वाजला. मानसीनं तो पिशवीतून काढला. "पप्पा, टायगर नागपूर," तिनं नाव वाचलं.

सगळ्यांचे घास थांबले. विठाबाईला वाटलं, फोन उचलून ओढ्यात भिरकावून द्यावा. पवननं भाकरी खाली ठेवली. "उचल. मोठ्यानं लाव," तो म्हणाला.

"भाई, कहाँ गायब है? शाम को मॅच है, एक बंदा कम पड रहा है!"

"भाई, मेरा नाम काट दो," पवन म्हणाला. "इधर भी बंदे कम पडते है."

"अरे भाई, थोडी देर तो आ..."

"ठिव गं," पवन मानसीला म्हणाला. तिनं फोन ठेवला. पवनचे कान लाल झाले होते. त्यानं भाकरी उचलली आणि नुसतीच मोडत बसला. भाऊंनी कालवणाचं पातेलं त्याच्याकडं सरकवलं. "जेव," म्हणाले. "दोन खाचरं ऱ्हाईल्यात." संध्याकाळी पाचही खाचरं हिरवी झाली.

खरी भीती विठाबाईला दुसऱ्या दिवसाची होती. सावड संपली. आता सकाळी आठला कुणी वाट बघणार नव्हतं, कुणी दिवस धरणार नव्हतं. रिकामा दिवस, घरात रिकामा पवन. तिला उजाडताच जाग आली. पवनचं अंथरूण मोकळं होतं.

"झालं!" ती म्हणाली. "झालं, बसला जाऊन." गुडघ्यावर हात टेकत उठली आणि तणतणत गोठ्यात गेली. आज ती पाटीच उचलून त्याच्या डोक्यात घालणार होती. पाटी पालथी पडलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. गाईखालचं शेण काढलेलं होतं. घरात येऊन बघितलं, तर फोन फळीवर चार्जिंगला.

ती बांधाबांधानं ओढ्याकडं गेली. पाऊस उघडला होता. पवन खाचरात एकटाच होता, पँट गुडघ्याच्या वर, कंबरेत वाकलेला. सावड आली नव्हती त्या दिवशी तिघांनी लावलेलं खाचर ते. जागोजाग रोपं तरंगून गेली होती, टक्कल पडलं होतं. उरलेल्या रोपाची एक जुडी काखेत धरून तो मोकळ्या जागा भरत होता. तेवढ्यातही ओळ वाकडीच जात होती.

"पवन्या!" ती बांधावरून ओरडली. "च्या गार होतोय! चल घरी!"

त्यानं मान वळवली नाही. चिखलातून एक बोट तेवढं वर केलं.

"दोन मिनिटं, आई. एवढी वळ झाली की आलो."

विठाबाईनं तोंड उघडलं. तीन वर्षांचं सगळं ओठांवर आलं होतं.

"तुजी दोन मिनिटं मला ठावं हायेत," ती म्हणाली, आणि ओल्या बांधावर पदर सावरून खाली बसली, त्याची ओळ संपायची वाट बघत.